एक्लिप्समध्ये एक्सएमएलसाठी कोणता प्लगइन घ्यावा?

वळणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या जावा प्रकल्पात एक्सएमएल फाइल्सचा सुळसुळाट आहे. त्यात तीन जाती आहेत. कॉन्फिगरेशनच्या फाइल्स, ज्यांना आमचेच एक्सएसडी (कोणता टॅग कुठे चालतो हे सांगणारे स्कीमा, म्हणजे नियमांच्या फाइल्स) आहेत. बाहेरच्या प्रणालीकडून येणाऱ्या डेटाच्या फाइल्स, त्यातल्या काही चांगल्याच अवाढव्य. आणि डॉकबुक या दस्तऐवजांसाठीच्या टॅगसंचात लिहिलेलं वापरकर्त्यांसाठीचं मॅन्युअल.

सध्या एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या साधनासोबत आलेला एडिटरच वापरतो. टॅग रंगीत दिसतात, बंद करायचा टॅग आपोआप येतो, तेवढ्यावर आजवर भागलं. आता टीम वाढली आहे आणि नव्यांपैकी बरेच जण व्हीएस कोड हा दुसरा एडिटर वापरतात. एकाने एक ओळ बदलून फाइल सेव्ह केली की सगळं इंडेंटेशन हलतं आणि डिफमध्ये (जुन्या-नव्या प्रतींतला फरक दाखवणाऱ्या खिडकीत) अख्खी फाइल लाल-हिरवी दिसते. शिवाय नेट गेलं की व्हॅलिडेशन (फाइल स्कीमाशी ताडून पाहणं) लटकून बसतं.

एक्सएसडी बघून पुढचा टॅग सुचवणारा, चूक तिथल्या तिथे दाखवणारा, नेटशिवाय चालणारा आणि सांगितल्याखेरीज फाइलला हात न लावणारा प्लगइन हवा आहे. फुकट असला तर उत्तम. विकतचा खरंच उजवा असेल तर तो वरिष्ठांपुढे मांडायची तयारी आहे. तुम्ही काय वापरता, आणि का?

---

कंसराज

प्लगइन कशाला शोधताय? एक्लिप्सच्या वेब टूल्स प्लॅटफॉर्ममधला एडिटर तुमच्याकडे आहेच. प्रेफरन्सेसमध्ये एक्सएमएल कॅटलॉग नावाचं पान आहे ते एकदा उघडा. निम्मं दुखणं तिथेच जाईल.

---

नीलरेघ

व्हीएस कोडवाल्यांसाठी रेड हॅटचं एक्सएमएल एक्स्टेंशन. डोळे मिटून घ्या. स्कीमा बघून सुचवतं, टॅगवर माउस नेला की स्कीमातलं डॉक्युमेंटेशन दाखवतं, आणि सुरुवातीच्या टॅगचं नाव बदललं की शेवटच्या टॅगचंही बदलतं. फाइलला स्कीमा जोडलेला नसेल तर अगदी वर 'स्कीमाशी जोडा' असा दुवा येतो, त्यावर टिचकी मारली की पुढचं तेच करतं.

---

जुनेजाणते

@नीलरेघ, त्यात थोडी भर घालतो, कारण धागाकर्त्याच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

त्या एक्स्टेंशनमागे जे इंजिन आहे त्याचं नाव लेमिंक्स. जावात लिहिलेला लँग्वेज सर्व्हर, म्हणजे एडिटरला भाषेची समज पुरवणारा वेगळा प्रोग्रॅम. पूर्वी तो एलएसपीफोरएक्सएमएल या नावाने ओळखला जायचा, एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर नाव बदललं. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल खुला केला, तेव्हापासून एका भाषेची समज एकदाच लिहायची आणि ती अनेक एडिटरांना पुरवायची हे शक्य झालं. त्याआधी प्रत्येक एडिटरसाठी वेगळा प्लगइन, आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं.

आता महत्त्वाचं. हाच लेमिंक्स एक्लिप्समध्ये 'वाइल्ड वेब डेव्हलपर' या प्लगइनमधून मिळतो. म्हणजे तुमची अर्धी टीम एक्लिप्सवर आणि अर्धी व्हीएस कोडवर असली तरी दोघांच्या हाताखाली इंजिन एकच. व्हॅलिडेशनचे निरोप तेच, फॉरमॅटरही तोच. दोन्हीकडे फॉरमॅटरच्या सेटिंग सारख्या ठेवल्या की डिफमधला दंगा मुळातूनच थांबतो. माझ्या मते तुमच्यासारख्या मिश्र टीमला हीच सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. बाकी सोयी सगळ्यांकडे कमीअधिक असतातच.

---

वळणवाट

@जुनेजाणते, हे माहीतच नव्हतं! एकच इंजिन असेल तर अर्धा वाद मिटला. @कंसराज, कॅटलॉगचं पान पाहिलं, पण तिथे नेमकं काय भरायचं? आमच्या फाइल्समध्ये स्कीमालोकेशनला (स्कीमा कुठे आहे ते सांगणाऱ्या ॲट्रिब्यूटला) वेब पत्ता दिलेला आहे.

---

कंसराज

भरायचं सोपं आहे. डाव्या हाताला तो वेब पत्ता किंवा नेमस्पेस (टॅगांच्या संचाचं ठरलेलं नाव), उजव्या हाताला तुमच्या प्रकल्पातली एक्सएसडी फाइल. एडिटरने तो पत्ता वाचला की तो नेटवर न जाता कॅटलॉगमध्ये बघतो आणि जवळची प्रत उचलतो. मूळ एक्सएमएलमधलं एक अक्षरही बदलावं लागत नाही, हीच त्यातली गंमत.

---

जुनेजाणते

कॅटलॉगवर थोडं सविस्तर लिहितो. प्लगइन निवडताना लोक रंग, फाँट, ट्री व्ह्यू बघतात आणि नेमकी हीच गोष्ट तपासायची राहून जाते.

कॅटलॉग हे ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणित स्वरूप आहे, तीही एक एक्सएमएल फाइलच असते. ती प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत ठेवायची आणि प्रत्येकाने आपल्या एडिटरला तिचा मार्ग दाखवायचा. एक्लिप्स वाचतं, लेमिंक्स वाचतो, ऑक्सिजन हे विकतचं साधन वाचतं, कमांड लाइनवरचं एक्सएमएललिंट हे तपासणीचं साधनही वाचतं. एक फाइल, सगळ्यांना पुरते. पान उघडून हाताने नोंदी भरल्या तर त्या त्या माणसाच्या वर्कस्पेसमध्येच राहतात आणि उद्या आलेल्याला पुन्हा तेच करावं लागतं.

नेटवरून स्कीमा ओढणाऱ्या साधनांनी जगाला काय त्रास दिला याचं उदाहरण वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने स्वतःच २००८ मध्ये मांडलं होतं. त्यांच्या सर्व्हरवर डीटीडी (नियमांच्या फाइलचा जुना प्रकार) आणि स्कीमांसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येत होत्या. वर्षानुवर्षं न बदललेल्या त्याच फाइल्स, तीच सॉफ्टवेअरं पुन्हा पुन्हा मागत होती. शेवटी त्यांना अशा विनंत्यांना मुद्दाम सावकाश उत्तर द्यावं लागलं. तुमचं व्हॅलिडेशन 'लटकतं' त्याचं कारण पुष्कळदा याच घराण्यातलं असतं.

---

पानवाचक

स्प्रिंग ही जावाची चौकट वापरणाऱ्यांसाठी एक पुरवणी. स्प्रिंगच्या जारमध्ये (जावाच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) मेटा-इन्फ फोल्डरात 'स्प्रिंग डॉट स्कीमाज' नावाची फाइल असते, ती वेब पत्त्याला जारमधल्याच एक्सएसडीशी जोडते. म्हणून चालू ॲप्लिकेशनला नेट लागत नाही. एडिटरला मात्र त्या फाइलची खबर असेलच असं नाही. 'प्रोग्रॅम चालतो मग एडिटर का रडतो' या प्रश्नाचं उत्तर हे.

---

शिकाऊ_कोडी

मध्येच विचारतेय, माफ करा. वेलफॉर्म्ड आणि व्हॅलिड यांत नेमका फरक काय? माझा एडिटर एकही लाल रेघ दाखवत नाही, तरी बिल्डमध्ये फाइल नापास होते.

---

अक्षरजुळारी

@शिकाऊ_कोडी, माफी कसली! प्रश्न अगदी योग्य आहे.

वेलफॉर्म्ड म्हणजे एक्सएमएलचं व्याकरण पाळलेलं: मुळाशी एकच टॅग, उघडलेला प्रत्येक टॅग बंद, टॅग एकमेकांत अडकलेले नाहीत, ॲट्रिब्यूटला अवतरणचिन्हं आहेत, कमेंटच्या पोटात सलग दोन डॅश नाहीत. व्हॅलिड म्हणजे यावर तुमच्या स्कीमाचे नियमही पाळलेले: कोणता टॅग कुठे चालतो, किती वेळा, कोणत्या क्रमाने, आत आकडा हवा की तारीख. तुमच्या एडिटरला स्कीमा सापडलेला नाही, म्हणून तो फक्त पहिली तपासणी करतोय आणि गप्प बसलाय. बिल्डला स्कीमा माहीत आहे. फाइलमध्ये एखादा टॅग मुद्दाम खोट्या नावाचा टाकून पाहा. एडिटर काहीच बोलला नाही तर स्कीमा जोडलेला नाही हे पक्कं.

नवा प्लगइन घातला की मी पहिली हीच परीक्षा घेते.

---

शिकाऊ_कोडी

टाकून पाहिलं. खरंच काही बोलला नाही! आता स्कीमा जोडते. मनापासून आभार.

---

इमॅक्सवारकरी

कोणीच नाव घेत नाही म्हणून मी घेतो: इमॅक्स या एडिटरमधला एनएक्सएमएल मोड. जेम्स क्लार्क यांनी लिहिला, म्हणजे ज्यांनी एक्सपॅट हा पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्रॅम) लिहिला आणि मुराता माकोतो यांच्यासोबत रिलॅक्स एनजी ही स्कीमा लिहायची भाषा घडवली, त्यांनीच. इमॅक्स २३ पासून तो आतच येतो. टाइप करता करता व्हॅलिडेशन आणि दांडगा वेग.

---

नीलरेघ

@इमॅक्सवारकरी, पण त्याला एक्सएसडी कुठे कळतं? धागाकर्त्याकडे सगळे एक्सएसडीच आहेत.

---

इमॅक्सवारकरी

बरोबर पकडलंत. त्याला रिलॅक्स एनजीचं आटोपशीर रूपच लागतं. डीटीडीवरून ते रूप ट्रँग या रूपांतराच्या साधनाने काढता येतं, पण ट्रँग एक्सएसडी लिहू शकतो, वाचू शकत नाही. तेव्हा कॉन्फिगरेशनच्या फाइल्ससाठी माझी शिफारस मागे घेतो. डॉकबुकसाठी मात्र ठाम आहे. डॉकबुक ५ चा अधिकृत स्कीमा मुळात रिलॅक्स एनजीतच आहे, त्यामुळे एनएक्सएमएल तिथे अगदी घरच्यासारखा वागतो.

---

अक्षरजुळारी

डॉकबुकचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझं रोजचं काम तेच आहे आणि वरच्या प्रतिसादांत एक धोका कोणी मांडलेला नाही.

कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये टॅगांमधली रिकामी जागा सहसा शोभेची असते. मॅन्युअलमध्ये ती मजकुराचा भाग असते. वाक्याच्या मध्ये ठळक शब्दाचा टॅग, लगेच पुढे स्वल्पविराम, मग दुव्याचा टॅग. याला मिश्र मजकूर म्हणतात. फॉरमॅटरने हे टॅग 'सुंदर' करायला वेगवेगळ्या ओळींवर नेले की शब्द आणि स्वल्पविराम यांच्या मध्ये जागा शिरते आणि ती छापील पानावर दिसते. कोडचे नमुने असलेल्या भागात तर ओळींची रचनाच मोडते. एक्सएमएल:स्पेस या ॲट्रिब्यूटला 'प्रिझर्व्ह' किंमत देऊन तो भाग राखता येतो, पण ती खूण पाळायची की नाही हे शेवटी साधनाच्या हातात. म्हणून माझा आग्रह: मॅन्युअलच्या फोल्डरवर सेव्ह करताना होणारं फॉरमॅटिंग पूर्ण बंद ठेवा.

आणि विकतचं घ्यायचंच असेल तर ते इथे, लेखनासाठी घ्या. ऑक्सिजन एक्लिप्सच्या प्लगइनच्या रूपातही येतं आणि स्वतंत्रही. त्याच्या ऑथर मोडमध्ये टॅग न बघता परिच्छेद लिहिता येतात. डॉकबुक आणि डिटा (तसाच दुसरा टॅगसंच) दोन्ही त्याला तयारच येतात, स्कीमाट्रॉन (एक्सएसडीत न बसणारे नियम लिहायची भाषा) आहे, एक्सएसएलटीचा (एक्सएमएलचं रूप बदलणाऱ्या भाषेचा) डीबगर आहे, ती चालवणारं सॅक्सन सोबतच येतं. ज्यांना प्रोग्रॅमिंगचा गंध नाही असे लेखकही त्यात बिनधास्त काम करतात. एवढं सगळं एकत्र देणारा फुकट प्लगइन माझ्या पाहण्यात नाही.

---

कंसराज

ऑक्सिजन चांगलंच आहे. पण चार कॉन्फिगरेशन फाइल्स बदलणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमरसाठी परवाना घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

---

अक्षरजुळारी

@कंसराज, तेच म्हणतेय. लिहिणाऱ्यांना द्या, सगळ्यांना नको.

---

सहीशिक्का

फॉरमॅटिंगवरून: ज्यांच्या एक्सएमएलवर डिजिटल सही असते त्यांनी तर फॉरमॅटची कळ विसरूनच जावी. सहीसाठी फाइलला दिल्या जाणाऱ्या कॅनॉनिकल (ठराविक) रूपात ॲट्रिब्यूटांचा क्रम वगैरे एकसारखा केला जातो, पण टॅगांमधली मोकळी जागा तशीच राखली जाते. एक ओळ आत सरकली तरी सही खोटी ठरते. सही केलेली नमुना फाइल कोणीतरी 'नीट दिसावी' म्हणून फॉरमॅट करून कमिट करतं आणि मग चाचण्या का पडतात हे शोधत सगळी टीम बसते, हे मी वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलं आहे. अशा फाइल्सना वेगळं फोल्डर आणि एडिटरला सक्त मनाई.

---

जडभार

मोठ्या फाइल्सबद्दल कोणीच बोललं नाही. धागाकर्त्याने 'अवाढव्य' म्हटलं आहे. किती अवाढव्य?

---

वळणवाट

लहान असल्या तर काही एमबी. मोठ्या शंभर एमबीच्या पुढे जातात.

---

जडभार

मग त्या फाइल्ससाठी प्लगइनचा विचार सोडा.

बहुतेक एडिटर सगळी फाइल मेमरीत घेऊन तिचं झाड बांधतात आणि ते झाड मूळ फाइलच्या कितीतरी पट जागा खातं. इंटेलिजे या एडिटरमध्ये कोडची समज देण्याची मर्यादाच मुळात २५०० केबी ठेवलेली असते, त्यापुढे फाइल साध्या मजकुरासारखी दिसते. व्हीएस कोडसुद्धा फार मोठ्या फाइलवर रंग वगैरे सोडून देतो. मर्यादा वाढवता येते, पण मग एडिटर रांगतो.

शंभर एमबीची फाइल हाताने संपादायची वेळ क्वचितच येते. बहुतेकदा काहीतरी शोधायचं किंवा तपासायचं असतं. त्याला एक्सएमएललिंट: स्ट्रीम पर्याय देऊन चालवलं की फाइल तुकड्यातुकड्याने वाचतं. आणि एडिटरमध्ये काम करायला त्याच फाइलमधल्या मोजक्या नोंदींचा छोटा नमुना काढून ठेवा.

---

चाळणी

+१. शोधायचं असेल तर एक्सपाथ, म्हणजे एक्सएमएलमधले टॅग शोधायची भाषा. आणि एक्सपाथ म्हटलं की तो नेहमीचा खड्डा: फाइलमध्ये डीफॉल्ट नेमस्पेस असेल तर एक्सपाथ १.० मध्ये नुसतं टॅगचं नाव लिहून काहीच सापडत नाही. उपसर्ग नसलेलं नाव म्हणजे 'कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेलं' असा त्याचा अर्थ होतो. फाइलमध्ये टॅग डोळ्यांना दिसतोय आणि उत्तर शून्य! प्लगइनमध्ये एक्सपाथची खिडकी असेल तर तिथे नेमस्पेसला उपसर्ग देता येतो का, ते आधी बघा. देता येत नसेल तर ती खिडकी असून नसल्यासारखी.

---

इंटेलीप्रेमी

इंटेलिजेचं नाव निघालंच आहे तर सांगतो, तिथे एक्सएमएलसाठी वेगळं काही घालावं लागत नाही. नमुना फाइलवरून एक्सएसडी काढून देणं, एक्सपाथ चालवून बघणं, सगळं आत आहे. बाहेरच्या स्कीमांची यादी सेटिंगमध्ये एकाच जागी दिसते. एक्लिप्स सोडायचा विचार आहे का?

---

वळणवाट

@इंटेलीप्रेमी, नाही हो. एक्लिप्सवर आमची बाकीची बरीच साधनं बसवलेली आहेत.

---

तटरक्षक

सुरक्षेबद्दल दोन गोष्टी, कारण फाइल्स बाहेरून येतात असं धागाकर्त्याने लिहिलं आहे.

एक्सएमएलमध्ये बाहेरची एंटिटी (जिच्या जागी दुसरीकडचा मजकूर येतो अशी खूण) जाहीर करून तुमच्या संगणकावरची फाइल वाचायला लावता येते किंवा भलत्याच पत्त्यावर विनंती पाठवता येते. हल्ल्याचा हा प्रकार एक्सएक्सई म्हणून ओळखला जातो. दुसरा प्रकार एकात एक गुंफलेल्या एंटिटींचा, लहानशी फाइल उलगडताना प्रचंड फुगते आणि मेमरी संपवते. लोक सर्व्हरवरचा पार्सर कडेकोट करतात आणि तीच फाइल एडिटरमध्ये निर्धास्त उघडतात. एडिटरच्या पोटातही पार्सरच आहे.

रेड हॅटच्या एक्स्टेंशनमध्ये बाहेरच्या एंटिटी उलगडणं आधीपासून बंद असतं, ते बंदच राहू द्या. डॉकटाइप (एंटिटी जिथे जाहीर होतात तो सुरुवातीचा भाग) अजिबात चालवून न घेण्याचाही पर्याय आहे. दुसरा कोणताही प्लगइन घेतलात तरी या दोन सेटिंग कुठे आहेत ते शोधल्याशिवाय बाहेरच्या फाइल्स त्यात उघडू नका. नेटवरून स्कीमा आपोआप उतरवणंही अशा फाइल्ससाठी बंद करावं असं माझं मत आहे. कॅटलॉग नीट लावला तर त्याची गरजच उरत नाही.

---

नीलरेघ

@तटरक्षक, हे फार महत्त्वाचं. आज संध्याकाळीच आमच्या टीमच्या सेटिंग तपासतो.

---

झाडपाला

ट्री व्ह्यूबद्दल कोणी बोलेल का? मला वेब टूल्सच्या एडिटरचा डिझाइन टॅब आवडतो. सारणीत नाव आणि किंमत समोरासमोर, टॅगांचा पसारा नाही.

---

कंसराज

किंमती बदलायला छान. पण कमेंट, सीडाटा (टॅग न मानता जसाच्या तसा ठेवलेला मजकूर), ओळींची रचना या गोष्टी सोर्समध्येच नीट कळतात. मी डिझाइन टॅब अनोळखी फाइल पहिल्यांदा चाळायला वापरतो, लिहायला कधीच नाही.

---

झाडपाला

आमच्याकडे चाचणी करणारी मंडळी त्यातच काम करतात आणि टॅग बंद न केल्याची तक्रार त्यांच्याकडून कधी येत नाही. ज्याचं काम किंमती भरण्याचं आहे त्याला सोर्स दाखवायचा हट्ट मला पटत नाही.

---

लिपिकार

देवनागरी मजकूर असलेल्या फाइल्सची एक चाचणी सुचवतो. पहिल्या ओळीत एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहिलेलं असतं, पण एडिटर फाइल सेव्ह करताना ते वाचेलच असं नाही. काही साधनं स्वतःच्या सेटिंगमधलं एन्कोडिंग वापरतात आणि मग जाहीर केलेलं एक, साठवलेलं भलतंच. जोडाक्षरं असलेलं एक वाक्य टाका, सेव्ह करा, बंद करून दुसऱ्या साधनात उघडा. तिथे वाक्य शाबूत दिसलं तरच पुढे जा.

---

बांधकामे

एडिटर कोणताही असो, शेवटचा शब्द बिल्डचा असू द्या. मेव्हन हे बिल्डचं साधन असेल तर मोजोहाउसचा एक्सएमएल प्लगइन आहे, त्याच्या 'व्हॅलिडेट' या गोलला (कामाला) स्कीमा आणि कॅटलॉग द्या. मग कोणी व्हिममध्ये लिहिलं काय आणि नोटपॅड प्लस प्लसमध्ये लिहिलं काय, चुकीची फाइल पुढे जाणारच नाही.

---

वळणवाट

मंडळी, तुम्ही इतकं दिलंत की वाचून लगेच कामाला लागलो.

एक्लिप्समध्ये वाइल्ड वेब डेव्हलपर घातला, व्हीएस कोडवाल्यांना रेड हॅटचं एक्स्टेंशन. कॅटलॉग रिपॉझिटरीत टाकला आणि नेट तोडून तपासलं: खोट्या टॅगची चूक दोन्हीकडे त्याच शब्दांत दिसते! बाहेरच्या एंटिटी दोन्हीकडे बंद आहेत. मॅन्युअलच्या फोल्डरवर फॉरमॅटिंग बंद केलं आणि ते लिहिणाऱ्यांसाठी ऑक्सिजन मागायचं ठरलं आहे. मोठ्या फाइल्स @जडभार म्हणाले तशा कमांड लाइनवर.

एक गोष्ट अडली आहे. आमच्या एका एक्सएसडीमध्ये असर्ट वापरलं आहे, 'शेवटची तारीख सुरुवातीच्या तारखेनंतरची हवी' या नियमासाठी. एक्सएमएललिंट तो स्कीमाच नाकारतं.

---

जुनेजाणते

असर्ट हे एक्सएसडी १.१ मधलं आहे, २०१२ सालचं. एक्सएमएललिंटला फक्त १.० कळतं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने तो स्कीमाच चुकीचा. १.१ हवंच असेल तर ऑक्सिजनमध्ये चालेल, सॅक्सनच्या एंटरप्राइझ आवृत्तीत चालेल, आणि बिल्डसाठी झर्सिस या पार्सरची १.१ समजणारी आवृत्ती घेता येईल. पण मग एडिटर एक बोलणार आणि बिल्ड दुसरंच, म्हणजे जे टाळायला हा धागा काढला तेच पुन्हा.

मी तुमच्या जागी असतो तर एक्सएसडी १.० वरच ठेवला असता आणि तारखांचा नियम स्कीमाट्रॉनमध्ये हलवला असता. असा नियम तिथे दोन ओळींत लिहिता येतो, आणि चूक दाखवणारा निरोपही आपल्या शब्दांत देता येतो: 'शेवटची तारीख सुरुवातीच्या आधीची आहे'. एक्सएसडी सगळ्यांच्या एडिटरमध्ये चालतो, स्कीमाट्रॉन बिल्डमध्ये. एक काळजी घ्या: तारखांची थेट तुलना करायला एक्सपाथ २.० लागतं, तेव्हा स्कीमाट्रॉनच्या फाइलवर क्वेरी बाइंडिंग एक्सएसएलटी २ असं लिहा आणि ती सॅक्सनवर चालवा. त्याची फुकट आवृत्ती त्याला पुरते.

---

अक्षरजुळारी

@वळणवाट, मॅन्युअलमधल्या आडव्या संदर्भांसाठीही तोच स्कीमाट्रॉन वापरा. ऑक्सिजन तो लिहिता लिहिताच तपासतं. नियमांची फाइल बिल्डच्या शेजारीच ठेवा, म्हणजे दोन्हीकडून तीच वाचली जाईल.